तालमीचा फुटबॉल : लहान क्लबचा इतिहास लिहायचा कसा?

पीएच.डी.साठी विषय सुचवला की एक शेरा हमखास ऐकायला मिळतो : "विषय फार लहान आहे." तुम्ही ऐकला नसेल तर लवकरच ऐकाल. एखादी पतपेढी, एखादं वाचनालय, एखादा खेळाचा क्लब असं काही नाव काढलं की समोरचे मान हलवतात. मग आपण घाबरून 'महाराष्ट्रातील क्रीडासंस्थांचा इतिहास : एक चिकित्सक अभ्यास' असं लांबलचक शीर्षक देतो आणि पुढची चार-पाच वर्षं त्या शीर्षकाचं ओझं वाहतो.

आजच्या लेखात उलटं करून बघू. मुद्दाम लहान विषय घेऊ, गावातला किंवा पेठेतला फुटबॉल क्लब. त्यातून किती मोठे प्रश्न निघतात, ते सोडवायला कागद कुठे सापडतात आणि कागद नसतील तर काय करायचं, हे टप्प्याटप्प्याने पाहू. मी सोलापुरात बसून तालमींच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी कोल्हापूरची आणि सोलापूरची येतील. पण पद्धत तुमच्या कुठल्याही विषयाला लावता येईल.

आधी एक लांबचं गाव

कोल्हापूरला जाण्याआधी स्कॉटलंडमधल्या रेंटन या गावात डोकावू. गावच्या क्लबचा इतिहास म्हणजे काय, हे तिथे फार स्वच्छ दिसतं.

ग्लासगो शहराच्या वायव्येला लेव्हन नदीचं खोरं आहे. त्या खोऱ्यातल्या रेंटन गावात १८७२ साली फुटबॉल क्लब निघाला. या क्लबने १८८५ आणि १८८८ अशी दोनदा स्कॉटिश कप स्पर्धा जिंकली. १८८८ साली त्यांनी इंग्लंडचा कप जिंकणाऱ्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघालाही ४-१ असं हरवलं आणि स्वतःला थेट 'जगज्जेते' म्हणवून घेतलं. १८९० साली स्कॉटिश लीग सुरू झाली, तेव्हा संस्थापक क्लबांमध्ये रेंटन होतं. १९२२ साली क्लब बंद पडला. पन्नास वर्षांचा हिशेब संपला.

एवढं लिहून थांबलं तर ती क्लबची जंत्री झाली. इतिहास सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापासून : या एवढ्याशा गावात इतका चांगला फुटबॉल आला कुठून?

लेव्हनचं खोरं हा कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा मोठा टापू होता. 'टर्की रेड' नावाचा पक्का लाल रंग ही तिथली खासियत. धुण्याने न उतरणारं हे लाल कापड तिथून जहाजांनी मुंबई, कलकत्ता, मद्रासला यायचं. इथल्या गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरावं म्हणून त्यावर मोर आणि वेलबुट्टी छापली जायची. म्हणजे रेंटनच्या मैदानाभोवती जी वस्ती उभी होती, तिचं पोट काही अंशी आपल्याकडच्या बाजारपेठेवर भरत होतं. सोलापूरसारख्या विणकरांच्या गावात वाढलेल्या माणसाने या ओळीपाशी थोडं थांबायला हरकत नाही.

दुसरा धागा वेळेचा. ब्रिटनमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांमधल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नसल्यामुळे हळूहळू पुरुषांचीही शनिवारची दुपार मोकळी झाली. तिथले सामने शनिवारी दुपारी का होतात, याचं उत्तर खेळाच्या नियमांत शोधून सापडणार नाही. ते कामगार कायद्यात आहे.

तिसरा धागा पैशाचा. इंग्लंडमध्ये १८८५ साली खेळाडूला उघडपणे पैसे देण्याची मुभा मिळाली, स्कॉटलंडमध्ये ती १८९३ साली मिळाली. मधल्या आठ वर्षांत गावोगावचे चांगले खेळाडू इंग्लंडकडे आणि ग्लासगोकडे ओढले गेले. रेंटनचा जेम्स केली १८८८ साली नव्याने निघालेल्या सेल्टिक क्लबकडे गेला. पुढे लीग सुरू झाल्यावर व्यावसायिक ठरवलेल्या संघाशी खेळल्याबद्दल रेंटनवरच काही काळ बंदी आली. गावाने खेळाडू घडवायचे आणि शहराने ते न्यायचे, हा क्रम एकदा सुरू झाला की गावच्या क्लबच्या हातात फारसं काही राहत नाही.

आता यातून आपल्या कामाचं काय? लहान क्लबचा इतिहास लिहायचा तर सामन्यांचे निकाल सर्वात शेवटी घ्यायचे. आधी तीन गोष्टी विचारायच्या : खेळायला जागा कोणाची होती, खेळणाऱ्यांना वेळ कुठून मिळाला, आणि खर्च कोणी केला. जागा, वेळ, वर्गणी. हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

क्लबचं नाव हाच पहिला कागद

आता कोल्हापूरला येऊ. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड पेठापेठांत मुरलेलं शहर म्हणजे कोल्हापूर. तिथल्या स्थानिक लीगचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि त्यांचं नियोजन १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, करते. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

आता या संघांची नावं वाचा : खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. फुटबॉलच्या संघाला तालीम कशी म्हणतात? तालीम म्हणजे कुस्तीची जागा. लाल मातीचा हौदा, मातीत मिसळलेलं ताक, हळद आणि तेल, कोपऱ्यात मारुती, जोर-बैठका काढणारी पोरं आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे वस्ताद. यात फुटबॉल कुठून आला?

संशोधकाने इथे घाई करायची नाही. नावांची नुसती यादी समोर ठेवायची आणि तिचे थर पाडायचे. काही नावांच्या शेवटी 'तालीम' आहे, काहींच्या 'तरुण मंडळ', काहींच्या 'क्लब', काहींच्या 'क्रीडा मंडळ'. प्रत्येक शब्दामागे संस्था काढण्याची एक वेगळी रीत आहे. 'तालीम' कुस्तीच्या जगातून येते. 'तरुण मंडळ' म्हटलं की सार्वजनिक उत्सव, मेळे आणि मिरवणुका डोळ्यांसमोर येतात. 'क्लब'ला शाळा-कॉलेजचा आणि इंग्रजी अमलाचा वास आहे. 'क्रीडा मंडळ' हा शब्द नोंदणी अर्जाच्या मराठीतला वाटतो. हे अर्थातच अनुमान आहे. पण अनुमान असं हवं की ते तपासता येईल : प्रत्येक संस्थेचं नोंदणीचं साल काढा आणि शब्दांचा क्रम सालांशी जुळतो का पाहा. जुळला तर तुमच्या हाताशी एक चांगला परिच्छेद आला. नाही जुळला तर त्याहून चांगला प्रश्न आला.

नावाचा पुढचा भागही वाचा. खंडोबा, ऋणमुक्तेश्वर ही देवस्थानं. संध्यामठ ही रंकाळ्यातली दगडी वास्तू. 'पाटाकडील' या शब्दात तर पाण्याचा पाट आहे. तो पाट कुठून वाहत होता, हा प्रश्न तुम्हाला फुटबॉलवरून थेट जुन्या शहराच्या नकाशाकडे आणि पाणीपुरवठ्याच्या कागदांकडे घेऊन जातो. एका क्लबच्या नावात शहराचा भूगोल असा दडलेला असतो.

फुटबॉल आला पाहुणा म्हणून

भारतात फुटबॉल साधारण तीन दारांनी आत आला. पहिलं दार लष्कराचं. शिमल्याला १८८८ साली ड्युरँड कप सुरू झाला आणि पहिल्याच अंतिम सामन्यात दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ असं हरवलं. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ सालचा, तोही सुरुवातीची बरीच वर्षं गोऱ्या पलटणींकडेच राहिला. दुसरं दार शाळा, कॉलेज आणि मिशनचं. काश्मीरमध्ये टिंडेल-बिस्को या मिशनरी शिक्षकाने मुलांपुढे चामड्याचा चेंडू टाकला, तेव्हा तो शिवायचा की नाही यावरूनच मोठा वाद झाला. तिसरं दार राजवाड्याचं. कूचबिहारच्या महाराजांच्या नावाचा चषक १८९३ पासून बंगालमध्ये खेळला जाऊ लागला. पुढे १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकलं, तेव्हा त्यांचे एक सोडून सगळे खेळाडू अनवाणी खेळत होते.

कोल्हापुरात ही तिन्ही दारं होती. संस्थानाची पलटण होती, राजाराम कॉलेज होतं आणि खेळांना आश्रय देणारं राजघराणं होतं. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारलं. त्यांच्यामागून १९२२ ते १९४० या काळात राजाराम महाराज गादीवर होते आणि केएसएची स्थापना त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षातली.

पण दार असणं वेगळं आणि घरात राहायला जागा मिळणं वेगळं. देशात अनेक ठिकाणी पलटण गेली आणि फुटबॉलही गेला. कोल्हापुरात तो टिकला, कारण त्याला पेठेत राहायला तयार घर मिळालं. ते घर म्हणजे तालीम.

विचार करा, क्लब काढायचा तर काय काय लागतं? एकत्र जमायला जागा, सामान ठेवायला खोली, वर्गणी गोळा करायची सवय, वडीलधाऱ्यांचा धाक, दुसऱ्या पेठेशी ईर्ष्या आणि पंधरा-वीस धडधाकट पोरं. तालमीत हे सगळं आधीपासून होतं. फुटबॉलला फक्त चेंडू घेऊन यायचं होतं. रेंटनमध्ये लोक फुटबॉल खेळण्यासाठी एकत्र आले आणि त्यातून क्लब झाला. कोल्हापुरात लोक आधीच एकत्र होते, फुटबॉल त्यांच्यात येऊन बसला.

हा फरक बारीक वाटेल, पण दोन्हीकडच्या क्लबांच्या आयुष्याचा खुलासा त्यातून होतो. रेंटनचा क्लब फुटबॉलपुरताच होता, त्यामुळे खेळाडू गेले, पैसा आटला आणि क्लब मिटला. कोल्हापूरच्या तालमीचा संघ एखाद्या वर्षी पार शेवटी राहिला तरी तालीम बंद पडत नाही. तिला गणपती बसवायचा असतो, शिवजयंती करायची असते, पुराच्या वेळी माणसं हलवायची असतात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, राजाश्रयाचं स्वरूप बदललं, तरीही पेठांचे संघ राहिले. माझ्या मते, संघ टिकण्यामागे चेंडूइतकाच वर्गणीच्या पावतीचा हात आहे.

मग सोलापुरात का नाही?

हा प्रश्न विचारल्याशिवाय वरचं उत्तर अर्धवट आहे. तालमी काय कोल्हापुरातच आहेत? सोलापुरात पाणीवेस तालीम आहे, पत्रा तालीम आहे, थोरला मंगळवेढा तालीम आहे. ही नावं घेतली की सोलापूरकराला मिरवणूक, लेझीम आणि ढोल-ताशा आठवतो. फुटबॉल आठवत नाही. घर तेच, मग पाहुणा इथे का राहिला नाही?

'एका ठिकाणी घडलं ते दुसऱ्या ठिकाणी का घडलं नाही' हा प्रश्न लहान विषयाला मोठा करतो. मी त्याची दोन शक्य उत्तरं मांडते. ती तुम्ही निष्कर्ष म्हणून उतरवून घेऊ नका, गृहीतक म्हणून घ्या.

पहिलं उत्तर वेळेचं. सोलापूर हे १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांच्या गिरणीपासून, म्हणजे आपल्या जुन्या गिरणीपासून, कापड गिरण्यांचं शहर होत गेलं. बाकीची वस्ती मोठ्या प्रमाणात हातमागावर जगणारी. गिरणी कामगाराचा दिवस भोंग्यावर चालायचा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभर लागू झाली, पण शनिवारची अर्धी सुट्टी आपल्या कामगारांच्या वाट्याला आली नाही. पुरुष कामगारांच्या रोजच्या तासांना पहिली मर्यादा घातली १९११ च्या कायद्याने, आणि ती तब्बल बारा तासांची होती. हातमागवाल्याची गत आणखी वेगळी : त्याला सुट्टी कोणी नाकारत नव्हतं, पण जितकं विणेल तितकेच पैसे. उजेडाचा तास खेळात घालवायचा म्हणजे कापड कमी पडणार. तालमीतला व्यायाम पहाटे किंवा रात्री कंदिलाच्या उजेडात उरकता येतो. फुटबॉलला दिवसाउजेडी मोकळा वेळ आणि मोकळं मैदान दोन्ही लागतं.

दुसरं उत्तर सत्तेचं. कोल्हापूर संस्थान होतं, सोलापूर थेट ब्रिटिश जिल्हा. संस्थानात राजघराणं खेळांना चषक आणि मैदान देऊ शकत होतं. जिल्ह्यात कलेक्टर होता आणि १९३० च्या मे-जूनमध्ये तर सोलापुरात मार्शल लॉ होता. व्यायाम करणाऱ्या तरुणांचा जमाव संस्थानाला शोभा वाटत असेल, तर इंग्रज अधिकाऱ्याला तो धोकाही वाटू शकतो.

आता ही उत्तरं तपासायची कशी? राजाश्रय हे खरं कारण असेल, तर ते इतर संस्थानांतही दिसायला हवं. सोलापूर जिल्ह्यातच अक्कलकोट संस्थान होतं, तिथे पाहा. मिरज हेही संस्थानचं गाव आणि तिथे फुटबॉल आहे. कोल्हापूर संस्थानातलं गडहिंग्लज तर लहानसं गाव असूनही फुटबॉलचं गाव म्हणून ओळखलं जातं. ही उदाहरणं पहिल्या नजरेला राजाश्रयाच्या बाजूने जातात. पण अक्कलकोटमध्ये काही सापडलं नाही, तर नुसता राजाश्रय पुरत नाही, असं म्हणावं लागेल. आपल्या उत्तराला खोटं ठरवू शकेल असं गाव आपणच शोधायचं. प्रबंध तपासणारे तेच शोधणार असतात.

कागद कुठे सापडतात

"छोट्या क्लबचे कागद कुठे असतात?" असं विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचा रस्ता दाखवते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचं एक नोंदणीपत्रक असतं, त्याला बोलीत 'शेड्युल वन' म्हणतात. त्यात संस्थेचे उद्देश, विश्वस्तांची नावं, स्थावर-जंगम मालमत्ता लिहिलेली असते. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. असे बदल अर्ज ओळीने लावले की तालमीचा कारभार कोणत्या घराण्यांकडून कोणाकडे गेला, हे दिसायला लागतं. भांडण झालं असेल तर तुमचं नशीबच उघडलं, कारण वादाच्या फाइलमध्ये दोन्ही बाजू आपापला इतिहास सविस्तर लिहून देतात. मात्र तो आपल्या बाजूने लिहिलेला असतो, हे विसरायचं नाही.

दुसरी जागा नगरभूमापन कार्यालय. तालमीच्या जागेचं मालमत्ता पत्रक काढा. जागा देवस्थानची आहे, संस्थानने दिलेली आहे, नगरपालिकेची आहे की कोणा सावकाराची होती, यावरून 'जागा कोणाची' या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

तिसरी जागा पुराभिलेखागार. इथे आपल्या तुलनेतली एक मोठी अडचण लक्षात घ्या. कोल्हापूरची तालीम संस्थानच्या दप्तरात येईल ती बक्षीस, देणगी, मदत या नात्याने. सोलापूरची तालीम मुंबई सरकारच्या दप्तरात येण्याची शक्यता जास्त ती पोलिसांच्या आणि बंदोबस्ताच्या नात्याने. म्हणजे एकाच जातीच्या दोन संस्था एका दप्तरात कौतुकाने आणि दुसऱ्यात संशयाने नोंदल्या जाणार. हा फरक संस्थांमधला आहे की नोंदणाऱ्याच्या नजरेतला, हे आधी वेगळं करा. आणि हो, संस्थानचे जुने कागद वाचायचे तर मोडी शिकावीच लागेल. दोन-तीन महिने रोज तासभर दिला तर वाचण्यापुरती मोडी येते. पुढे ढकलू नका.

चौथी जागा वर्तमानपत्रं. कोल्हापूरसाठी 'पुढारी'च्या जुन्या फाइली, सोलापूरसाठी 'सोलापूर समाचार'. फक्त क्रीडा पान बघू नका. जाहिराती बघा, म्हणजे चषक कोणत्या पेढीने दिला ते कळेल. निधनवार्ता बघा, म्हणजे जुना गोलकीपर नोकरी कुठे करत होता ते कळेल.

म्हाताऱ्या खेळाडूंशी बोलताना

कागद संपतात तिथे माणसं सुरू होतात. जुने खेळाडू गप्पांना मोकळे असतात. प्रश्न असतो तो तारखांचा. "कोणत्या साली?" असं विचारलं की माणूस अडखळतो किंवा अंदाजाने साल ठोकून देतो. त्याऐवजी ओळखीच्या खुणा वापरा. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही खेळत होता का?" भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्यामुळे एक खुंटी पक्की ठोकली गेली. "बहात्तरच्या दुष्काळात सामने झाले का?" ही दुसरी. अशा खुंट्यांवर आठवणी टांगल्या की क्रम लागत जातो.

दुसरं, सामन्यावरून सुरुवात करू नका. सामन्याची गोष्ट त्यांनी शंभर वेळा सांगितलेली असते, ती गुळगुळीत झालेली असते. बूट कोणी घेऊन दिले, सराव कोणत्या वेळी व्हायचा, घरातून विरोध कोणाचा होता, चेंडू फाटला तर कोण शिवायचं, जिंकल्यावर जेवण कोणी दिलं, हे विचारा. अशा प्रश्नांची तयार उत्तरं नसतात, म्हणून ती खरी असण्याची शक्यता जास्त. आणि उत्तरांतून पुन्हा आपले तीन शब्द वर येतात : जागा, वेळ, वर्गणी.

तिसरं, "आमच्या वेळचा फुटबॉल राहिला नाही" हे वाक्य प्रत्येक जण म्हणेल. ते सत्य म्हणून लिहू नका, पण टाकूनही देऊ नका. ते कशाबद्दल आहे ते शोधा. अलीकडे कोल्हापूरच्या संघांतून बाहेरगावचे, अगदी नायजेरियाहून आलेले खेळाडूही खेळले आहेत. ज्या संघाचं नावच पेठेचं, त्यात पेठेबाहेरचा खेळाडू पैसे घेऊन खेळला तर संघ कोणाचा? रेंटनमध्ये हाच प्रश्न गावचा खेळाडू बाहेर गेल्याने उभा राहिला, इथे बाहेरचा आत आल्याने. म्हाताऱ्याची कुरकुर या मोठ्या प्रश्नाचीच एक बाजू असू शकते.

जे फोटोत नाहीत

तालमीच्या भिंतीवर संघांचे फोटो ओळीने लावलेले असतात. तुम्ही त्यांचेही फोटो घ्याल, मागची नावं उतरवाल. ते झालं की एक काम आणखी करा : फोटोत कोण नाही ते लिहून काढा.

तालीम ही पुरुषांची जागा. पेठेतल्या बायकांनी वर्गणी दिली, जेवणं रांधली, पोरांचे चिखलाने भरलेले कपडे धुतले, पण पत्रकावर त्यांचं नाव येत नाही. पेठ म्हणजे सगळी वस्तीही नव्हे. गावकुसाबाहेरची म्हणून ज्या वस्त्या ठेवल्या गेल्या, तिथल्या मुलांना तालमीच्या हौद्यात आणि नंतर संघात कधी, कोणत्या अटींवर जागा मिळाली? संस्थानने आरक्षणाचा आणि शिक्षणाचा जो विचार केला, तो खेळाच्या मैदानापर्यंत पोहोचला का? क्लबच्या स्मरणिकेत हे प्रश्न सापडणार नाहीत. स्मरणिका अभिमानासाठी काढलेली असते, आणि तो तिचा हक्कच आहे. प्रबंधाचं काम वेगळं आहे. पेठेची एकी खरी होती, हे दाखवायचं आणि त्या एकीची कड कुठे होती, हेही दाखवायचं. दोन्ही लिहिलंत तर पेठेतली माणसं रागावतील अशी भीती वाटते. पण नीट पुराव्याने आणि आदराने लिहिलेलं लोक वाचतात, वादही घालतात, आणि त्या वादातून पुढची माहिती येते.

उशीर नको

हे सगळं आत्ताच का करायचं? कारण जुन्या कौलारू तालमी पाडून सिमेंटच्या इमारती उभ्या राहतायत. इमारत पाडताना लाल माती जपून ठेवली जाते, चषक जपले जातात. वर्गणीच्या वह्या, पावतीपुस्तकं आणि जुन्या सभांची इतिवृत्तं मात्र रद्दीत जातात, कारण ती कोणाला महत्त्वाची वाटत नाहीत. सत्तरच्या दशकात खेळलेला खेळाडू आज सत्तरीत किंवा त्यापुढे आहे. विद्यापीठाची नोंदणी होईपर्यंत, आराखडा मंजूर होईपर्यंत थांबलात तर त्यातलं बरंच काही हातचं जाईल.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गल्लीतली, गावातली सर्वात जवळची तालीम, मंडळ किंवा क्लब निवडा. बाहेरच्या पाटीवरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक वहीत उतरवा. मग आत जाऊन जो कोणी खजिनदार असेल त्याला नम्रपणे विचारा : "जुन्या वर्गणीच्या वह्या कुठे असतात?" त्याने वही दाखवली तर आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या, वाचायचं नंतर. आणि "असतील कुठेतरी माळ्यावर" असं उत्तर आलं, तर माळ्यावर चढायची तयारी ठेवा.